आरपार दगड

दुपारी मिस्त्री ओसरीवर आडवे झाले आणि त्यांचं घोरणं एका लयीत लागलं, तशी मिस्तरीण स्टूल घेऊन मागच्या खोलीत गेली. भिंतीच्या माथ्याशी एक जुना खिळा होता. त्याला तिने दोरी बांधली आणि दोरीच्या खालच्या टोकाला बटाट्याएवढा दगड. दोरी डुलायची थांबेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग दोरी आणि भिंत यांच्यामध्ये आडवी बोटं घालून पाहिली. माथ्याशी एकही बोट जात नव्हतं. छातीच्या उंचीला चार बोटं गेली. गेल्या पावसाळ्यानंतर अडीच गेली होती.

भिंत बाहेरच्या अंगाला फुगत चालली होती. छपराची मोठी तुळई ज्या भिंतीवर टेकलेली तीच ही भिंत. तुळईच्या टोकाखालून बारीक माती गळायची आणि रोज सकाळी मिस्त्रींची खाट झटकावी लागायची. खाट भिंतीला लागूनच होती. तिने दोनदा ती हलवायचं काढलं होतं. "राहू दे तिथंच," एवढंच ते म्हणाले होते.

संध्याकाळी भाजी निवडताना तिने विषय काढला.

"भिंत आणखी दीड बोट फुगली."

"कोण म्हणतं?"

"दोरी."

"दोरी लावायला कधी शिकलीस?"

"इतकी वर्षं तुमच्याबरोबर माल कालवला. डोळे मिटून नव्हता कालवला."

मिस्त्री हसले नाहीत. "वरचा गिलावा सुटलाय, बाकी काही नाही. आतून भिंत खणखणीत आहे. मी बांधलीय ती. जरा ऊन उतरलं की मीच बसतो करायला."

तिची नजर त्यांच्या उजव्या हाताकडे गेली. तीन वर्षांपूर्वी परांचीची फळी सरकली आणि ते खांद्यावर पडले. तेव्हापासून तो हात छातीच्या वर जात नव्हता. सदऱ्याची बटणं ते डाव्या हाताने लावायचे आणि सगळ्यात वरचं तसंच सोडायचे. तिची नजर कळताच त्यांनी हात काखेत दडवला.

लेकीचा फोन दर रविवारी यायचा. या रविवारी ती म्हणाली, "पावसाळ्याआधी इकडे या दोघं. दोन खोल्या आहेत. होईल कसंतरी."

फोन ठेवल्यावर मिस्त्री म्हणाले, "कसंतरी म्हणाली ना?"

"प्रेमाने म्हणाली."

"प्रेमानेच म्हणाली. पण कसंतरीच म्हणाली."

त्या रात्री मिस्तरिणीने जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि त्याच्या पाठीवर लिहायला बसली. पावसाला अकरा आठवडे होते. खोली रिकामी करणं, कौलं उतरवणं, तुळईला टेकू देणं, भिंत उतरवणं, दगड आणणं, भिंत चढवणं, मग तुळईचं कुजलेलं टोक, मग पुन्हा कौलं, शेवटी जमीन. प्रत्येकापुढे तिने दिवस लिहिले. एका ओळीवर "खिडकी" लिहून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मागची खोली दिवसाही अंधारी असायची. धान्य निवडायला बसलं की खडा दातालाच कळायचा.

ती रोपवाटिकेत कामाला होती, पिशव्यांमध्ये माती भरायची. मालकाला सांगून तिने कामाची वेळ दुपारी करून घेतली. आणि एका सकाळी बसथांब्यामागे चालू असलेल्या दुमजली बांधकामावर ती टाचणीला भेटायला गेली.

टाचणी हे नाव त्याला मिस्त्रींनीच दिलेलं. अठरा वर्षांचा असताना तो कामाला आला, तेव्हा अंगावर मांस नावाला नव्हतं. आता त्याचं पोट पट्ट्यावरून खाली उतरलं होतं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. अकरा वर्षं तो मिस्त्रींच्या हाताखाली होता. मग स्वतःची कामं घेऊ लागला आणि जाताना त्यांचे दोन चांगले गडी घेऊन गेला. त्या दिवसापासून मिस्त्रींनी त्याचं नाव घेणं टाकलं. मिस्त्री पडले तेव्हा तो दवाखान्यात फळं घेऊन आला होता. मिस्त्रींनी कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं होतं.

तिने काम सांगितलं. टाचणी हातावरचं सिमेंट चोळत ऐकत राहिला.

"काकू, मिस्त्री मला उंबरा ओलांडू देतील?"

"उंबराही बदलायचाय. कुजलाय."

तो हसला, मग गंभीर झाला. "तुम्ही इथे आलात ते त्यांना माहीत आहे?"

"घरी गेले की सांगते."

"आणि नाही म्हणाले तर?"

"घर माझंही आहे. तू उद्या नको येऊस, परवा ये. उद्याचा दिवस त्यांना चिडायला लागेल."

मिस्त्री खरंच दिवसभर चिडले. "सगळे गवंडी मेले का?" असं त्यांनी सकाळी एकदा आणि जेवताना एकदा विचारलं. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "नाही मेले. पण तुमच्या हाताखाली अकरा वर्षं शिकलेला एकच आहे." त्यावर त्यांनी ताटातलं संपवलं आणि उठून गेले.

ठरल्या दिवशी टाचणी दारात उभा राहिला. "मिस्त्री, येऊ का?"

ओसरीवरच्या खुर्चीतून मिस्त्रींनी मान वळवली नाही. "मी बोलावलंय का तुला? जिने बोलावलं तिला विचार."

"ये रे," मिस्तरीण म्हणाली.

त्याने भिंत आतून बाहेरून पाहिली, तळव्याने थापटली, कान लावला. तुळईच्या टोकात खिळा खुपसला तर तो लोण्यात शिरावा तसा शिरला. तिने दाखवलेला कागद त्याने दोनदा वाचला. एकच बदल सुचवला, की दगड भिंत उतरवण्याआधी आणून ठेवू, म्हणजे घर उघडं पडून राहणार नाही. तिने तो तिथल्या तिथे बाण काढून वर नेला.

"आणि ही खिडकी?"

"या बाजूला. दोन हात रुंद."

बाहेरून आवाज आला. "त्या भिंतीला भोक पाडणार? खिडकी नाही. भिंत कमजोर होते."

टाचणीने तिच्याकडे पाहिलं. तिने प्रश्नचिन्ह खोडलं नाही, गडदही केलं नाही.

मग कामाला सुरुवात झाली. दोन दिवसांत खोली रिकामी झाली आणि संसार अंगणात ताडपत्रीखाली आला. उन्हात ठेवल्यावर प्रत्येक वस्तू जुनी दिसायला लागली. पत्र्याच्या पेटीचा गंज, गादीवरचे डाग, सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होतं. मिस्तरिणीने गादी उलटी केली, तर दुसऱ्या बाजूला जास्त डाग निघाले. तिने पुन्हा सुलटी केली.

टाचणीने तीन माणसं आणली होती. दोन गडी आणि घमेली वाहणारी एक बाई. ते लांबच्या गावचे, मिस्त्रींना न ओळखणारे. कौलं उतरवायला चार दिवस गेले. माणसांची साखळी करून एकेक कौल हातोहात खाली यायचं. मिस्तरीण सकाळभर साखळीत शेवटी उभी असायची आणि चांगली, तडकलेली अशी वेगळी रचायची. दुपारी ती रोपवाटिकेत जायची आणि संध्याकाळी परत आली की आधी कौलं मोजायची. तळहाताची सालटं निघाली होती. जेवताना मीठ लागलं की कळायचं.

मिस्त्री खुर्चीतून सूचना देत. शिडी नीट टेकव. पाय आडवा टाक. वासा दुखावेल. गडी "हो हो" म्हणत आणि आपल्याच पद्धतीने करत. टेकू द्यायला सुतार आला, म्हातारा, एका कानाने बहिरा. मिस्त्री नेमके त्याच्या बहिऱ्या बाजूला बसून अर्धा तास टेकूचा कोन समजावत राहिले. शेवटी सुतार वळला आणि म्हणाला, "मिस्त्री, आज अगदी गप्प गप्प?" घमेलेवाली बाई पदरात तोंड घालून हसली. मिस्त्री उठून परसात गेले ते तासभर आले नाहीत.

चौथ्या आठवड्यात भिंत उतरवायला घेतली. तुळई दोन टेकूंवर उभी होती. वरचे थर पहारीने सहज सुटले. कमरेच्या जरा वर आल्यावर एका गड्याने दगड उचकटला आणि आतून भसकन माती आणि दगडाच्या चिपा ओघळल्या. त्याने हात घातला. कोपरापर्यंत गेला.

दगडी भिंत म्हणजे खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती. त्या एकमेकींना धरून राहतात आरपार दगडांमुळे. हा लांब दगड आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत जातो. दर दोन हातांवर एक हवा. गड्यांनी आणखी दगड काढले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ हात लांबीत एकही आरपार दगड नव्हता. दोन्ही अंगांना छोटे दगड आणि मधे भुसा भरावा तशी भर.

"ही तर नुसती रचलीय," गडी म्हणाला. "कोण होता हा कारागीर? उभी कशी राहिली एवढी वर्षं?"

काम थांबलं. मिस्त्री खुर्चीत होते, दहा पावलांवर. मिस्तरीण पाण्याची कळशी घेऊन उभी होती, तिला ती खाली ठेवायचं सुचलं नाही.

टाचणी वाकून दगड बघत होता. तो सरळ झाला आणि म्हणाला, "मी होतो. शिकाऊ होतो तेव्हा. मिस्त्री बाहेरगावी कामाला गेलेले, माझ्यावर सोपवून. मी बांधून टाकली कशीतरी. चला, हात चालवा."

गड्यांनी त्याची थोडी चेष्टा केली आणि पहारी पुन्हा चालू झाल्या. मिस्त्री हळूच उठले. खुर्चीची पाठ उजव्या हाताने धरायला गेले, पकड बसली नाही, मग डाव्याने धरली आणि ती फरफटत ओसरीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तिथून भिंत दिसत नव्हती.

अंधार पडायच्या सुमाराला मिस्तरीण अंगणातल्या चुलीवर स्वयंपाक करत होती. मिस्त्री येऊन शेजारच्या पेटीवर बसले.

"खोटं बोलला तो."

"ऐकलं मी."

"भिंत झाली तेव्हा तो दहा वर्षांचा असेल. कुठे शेंबूड पुसत असेल."

"हो. आणि माल मी कालवत होते. सातवा महिना होता मला."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली. "तुला दिसलं होतं?"

"तुम्ही लहान लहान दगड घालताय एवढं दिसत होतं. मला वाटलं, तुम्हाला कळतं."

"कळत होतंच." त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "वरच्या अंगाला तो बंगला चालला होता ना. खाणीतून लांब दगड निघाला की तिकडे जायचा. मीच पाठवायचो, माझंच काम ते. आपल्याला तुकडे उरायचे. थांबलो असतो तर दोन महिने गेले असते आणि तुझ्या बाळंतपणाआधी छप्पर हवं होतं. म्हटलं, आत्ता उभी करू. पुढच्या वर्षी उतरवून नीट बांधू."

"मग?"

"पुढच्या वर्षी दुसऱ्याचं घर आलं. त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्याचं."

तिने लाकूड आत सारलं. मग तिच्या डोक्यात काहीतरी जुळलं आणि तिने मान वर केली. "म्हणून खाट तिथे?"

मिस्त्री चुलीतल्या राखेत काडी फिरवू लागले.

"सांगा की."

"पडली तर माझ्यावर पडावी. तुम्हा दोघींवर नको."

मिस्तरिणीने पातेलं उतरवलं, झाकण ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, पण शब्द एकेक करून आले. "एवढी वर्षं तुम्ही भिंत पडायची वाट बघत झोपलात. आणि मी समजत होते, तुम्हाला तिथे गार लागतं. एकदा सांगितलं असतंत तर मी सुट्टीच्या दिवसांत डोक्यावरून दगड आणले असते."

"काय सांगणार होतो? सगळ्या गावाच्या भिंती मी बांधतो आणि घरची..."

"हेच सांगायचं."

तिने त्यांना वाढलं. स्वतः मात्र लांब, उंबऱ्यावर बसून जेवली.

सकाळी गडी चहा पीत होते तेव्हा मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. कपडे बदललेले होते. वरचं बटण आज लावलेलं होतं; कुणी लावून दिलं ते मिस्तरिणीच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"काल जो विचारत होता, कारागीर कोण, तो कोण?"

गडी कप घेऊन चुळबुळला.

"मी. ही भिंत माझी. हा तेव्हा आलाही नव्हता कामाला. लांब दगड मिळत नव्हता, घाई होती, आणि मला माहीत असून मी ती तशी बांधली." मग ते टाचणीकडे वळले. "माझ्या चुका तुझ्या नावावर नको लावू. तुझ्या तुला पुरे आहेत."

घमेलेवाली बाई आधी हसली, मग सगळे. टाचणी खाली बघून चहाचा कप फिरवत म्हणाला, "बरं मिस्त्री."

"आणलेले दगड दाखव."

दगडांचा ढीग परसात होता. मिस्त्री त्याच्याभोवती हळूहळू फिरले. डाव्या हातातल्या काठीने एकेका दगडाला टोचत गेले. हा. हा. हा नको, याला आतून चीर आहे. गड्याने तो हातोडीने ठोकला, बद्द आवाज आला. त्यानंतर गड्याने विचारायचं सोडून दिलं आणि काठी दाखवेल तो दगड उचलू लागला. दुपारपर्यंत ढिगाचे तीन ढीग झाले होते, कोपऱ्याचे, तोंडाचे आणि आरपार जाणारे. तिसरा ढीग सगळ्यात लहान होता.

"पुरणार नाहीत," मिस्त्री म्हणाले.

"दर तीन हातांवर टाकू, चालेल," टाचणी म्हणाला.

"दोन."

"मिस्त्री, हल्ली सगळे..."

"दोन."

दुसऱ्या दिवशी दोघं टेम्पोत बसून खाणीवर गेले. वाटेत काय बोलले कोण जाणे, पण परत आले ते भांडतच आले, कुठल्याशा जुन्या कामावर कोपरा कोणी चुकवला होता यावरून. मिस्तरिणीने दोघांना पाणी दिलं आणि कागदावर "दगड" समोरचे दोन दिवस वाढवून "जमीन" मधले कापले.

भिंत चढू लागली. मिस्त्री खुर्ची घेत नव्हते आता. उलट्या घमेल्यावर बसत, दगड निवडत, त्याचं तोंड कुठल्या बाजूला ते बोटाने दाखवत. तिसऱ्या थरापाशी त्यांनी हाक मारली. "अगं, ऐकलंस का. खिडकी किती म्हणाली होतीस?"

"दोन हात."

"पावणेदोन कर. वर टाकायला तेवढा लांब दगड मिळणार नाही."

"दोन."

"अगं, दोन हातांवर बसणारा दगड शोधावा लागेल."

"शोधा मग."

टाचणी थापीने माल सारखा करत होता. तो खाली मान घालून म्हणाला, "मिस्त्री, हे दोन-दोन करायची सवय काकूंना तुमच्याकडून लागली की तुम्हाला काकूंकडून?"

"काम कर."

दगड शोधायला तीन दिवस लागले. खाणीच्या जुन्या तोंडाशी, झुडपांत एक लांब दगड बिनकामाचा पडला होता. चार माणसांनी तो दोरांवर आणला. चढवताना एकाचा पाय सटकला आणि दगड त्याच्या नखावर टेकला. नख काळंनिळं झालं. मिस्तरिणीने त्याच्या पायाला पट्टी बांधली, दोन दिवस त्याला सावलीत बसवून फक्त कौलं पुसायला लावली.

नवव्या आठवड्यात सुताराने तुळईचं कुजलेलं टोक कापून नवं जोडलं. टेकूच्या पाचरी एकेक करून सैल केल्या. तुळई कुरकुरली, बोटभर खाली आली आणि भिंतीवर बसली. सगळे वर बघत उभे होते. माती गळली नाही. मिस्त्री पुढे झाले, डावा तळवा भिंतीला लावून थोडा वेळ तसेच राहिले आणि मग हात धुवायला गेले.

कौलं चढली. जमीन एका दिवसात उरकावी लागली, एका कोपऱ्यात थोडी उंचसखल राहिली. मिस्तरीण म्हणाली, तिथे पेटी ठेवू. दहाव्या आठवड्याच्या शेवटी टाचणीने हत्यारं पोत्यात भरली, पण निघेना. दाराशी रेंगाळला.

"मिस्त्री, सोमवारपासून शाळेच्या कुंपणाची भिंत घेतोय. दगडाची. माझ्या पोरांना दगड कळत नाही. तुम्ही नुसते येऊन बसलात, दाखवलंत..."

मिस्त्री ओसरीवर उभे होते. त्यांनी आत बोट दाखवलं. "मला काय विचारतोस? कोणी कधी कुठे जायचं ते इथे ही ठरवते."

मिस्तरीण नव्या खिडकीची फळी पुसत होती. तिथून अंगण दिसत होतं, अंगणातले दोघंही दिसत होते. "शनिवारपर्यंत ते माझ्याकडे आहेत," ती म्हणाली. "संसार आत न्यायचाय. सोमवारी घेऊन जा. आणि परांचीवर चढवायचं नाही."

"नाही काकू."

"त्यांनी चढतो म्हटलं तरी."

सोमवारी तीही रोपवाटिकेत सकाळच्या पाळीला जाणार होती. दोघांचे डबे भरले, दोघांनी चपला घातल्या. दार ओढल्यावर दोघंही थांबले. तीन वर्षांत त्या घरातून दोघं एका वेळी कामावर गेले नव्हते. कोणी ना कोणी असायचंच. कुलूप कुठे आहे ते कोणालाच आठवेना.

पेटी उपसली, फळीवरचे डबे हलवले. शेवटी कुलूप दिव्याच्या तेलाच्या बाटलीमागे सापडलं, किल्ली त्याच्यातच अडकलेली आणि दोन्ही गंजून एक झालेली. टाचणीचा टेम्पो रस्त्यावर भोंगा वाजवत होता.

"येतोय म्हणावं," मिस्त्री खाली बसत म्हणाले. त्यांनी कुलूप गुडघ्यांत घट्ट धरलं. मिस्तरिणीने तेलाचे चार थेंब सोडले, पदराने किल्ली पकडली आणि जोर लावला. फिरली नाही. त्यांनी डाव्या हाताची बोटं तिच्या बोटांवर ठेवली. दोघांनी मिळून पुन्हा जोर लावला, तशी किल्ली आधी करकरली आणि मग फिरली.